व्हिडिओ कॅमेरा घ्यायचाय? आधी अंतर मोजा, मग दुकानात जा

कॅमेरा घ्यायला निघालेले बहुतेक जण दुकानात जाऊन "चांगला कॅमेरा कोणता?" एवढंच विचारतात. या प्रश्नाला उत्तर नाही. इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत) जो कॅमेरा बिनधास्त चालतो, तो रवींद्र नाट्यगृहाच्या मागच्या रांगेतून नाटक टिपायला अगदीच तोकडा पडतो. नाटकासाठी घेतलेला मोठा कॅमकॉर्डर रात्रीच्या सराफ्यात, म्हणजे खाऊच्या बाजारात, गर्दीत फिरवता येत नाही. आणि लग्नात ज्या मिररलेस (लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्याने सुरेख चित्र दिलं, तो मे महिन्याच्या दुपारी तापून मध्येच बंद पडू शकतो. म्हणून इथे इंदुरातल्या नेहमीच्या कामांच्या बाजूने विचार केला आहे. कॅमेऱ्यांची नावं त्यानंतर.

पहिली पायरी: कागदावर चार गोष्टी लिहा

येत्या वर्षभरात काय शूट करायचंय त्याची यादी करा. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: कॅमेरा आणि माणूस यांच्यात किती मीटर अंतर असेल, रेकॉर्डिंग सलग किती वेळ चालेल, सगळ्यात कमी उजेड कधी असेल, आणि आवाज कुठून घ्यायचा आहे. मग ज्या कामात दुसरी संधी मिळणार नाही, त्याच्याखाली रेघ मारा. कॅमेरा त्या कामासाठी घ्यायचा. बाकीची कामं त्यात कशीही बसवता येतात.

अंतराचं गणित

नवखे लोक हे गणित करत नाहीत आणि सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. गणित सोपं आहे. सेन्सर म्हणजे चित्र टिपणारी चकती. मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मि.मी. असते. अंतराला ३६ ने गुणा आणि लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मि.मी.च्या आकड्याने) भागा. चित्रात किती मीटर रुंदी मावेल, ते कळतं. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर ३६ च्या जागी २३.५ धरा. चौकटीची उंची हवी असेल तर रुंदीला ९ ने गुणून १६ ने भागा.

समजा, तुम्ही रंगमंचापासून २० मीटरवर आहात आणि रंगमंच १० मीटर रुंद आहे. पूर्ण रंगमंच दिसायला फुल-फ्रेमवर ७२ मि.मी. लागतात. एक नट डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत हवा असेल, म्हणजे उंची साधारण २ मीटर, तर रुंदी साडेतीन मीटर होते आणि लेन्स २०० मि.मी. लागते. तोच नट कमरेपासून वर हवा असेल तर जवळपास ३५० मि.मी. आता मिररलेस कॅमेऱ्यासोबत मिळणारी १६-५० मि.मी.ची किट लेन्स डोळ्यांसमोर आणा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मि.मी.ने २० मीटरवरून ९.४ मीटर रुंदी दिसते. म्हणजे नट चौकटीत बोटाएवढा. चेहऱ्यावरचा अभिनय दिसणार नाही, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.

दुकानात जाण्याआधी सभागृहात जाऊन पावलांनी अंतर मोजून या. मोठ्या माणसाचं एक लांब पाऊल साधारण पाऊण मीटर धरा.

"डिजिटल झूम" हा शब्द ऐकला की सावध व्हा. तो चित्र कापून मोठं करतो, लेन्स काही वेगळं पाहत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा डिजिटल झूमचा असू शकतो. ऑप्टिकल झूमचा आकडा वेगळा छापलेला असतो, तो वाचा.

नाटक, गॅदरिंग, गाण्याची मैफल: कॅमकॉर्डर

अंतर जास्त, रेकॉर्डिंग तास-दोन तास सलग, झूम सावकाश आणि न थांबता व्हायला हवा. या कामाला कॅमकॉर्डरच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत आहे. तो दिसायला जुन्या वळणाचा वाटतो, म्हणून तरुण मुलं त्याच्याकडे बघत नाहीत. पण झूम रॉकरवर (झूमच्या दाबायच्या पट्टीवर) बोटाचा हलका दाब देऊन दहा सेकंदांत रंगमंचावरून चेहऱ्यापर्यंत जाणं मिररलेसच्या हाताने फिरवायच्या लेन्सवर फार अवघड आहे. चित्र हिसके खातं आणि बऱ्याच फोटो-लेन्सवर झूम करताना फोकसही सुटतो.

सोनी एचएक्सआर-एनएक्स१०० मध्ये एक इंची सेन्सर, १२ पट ऑप्टिकल झूम आणि व्यावसायिक माइकसाठीचे दोन एक्सएलआर इनपुट आहेत. तो फक्त फुल एचडी करतो, पण नाटकाच्या किंवा शाळेच्या रेकॉर्डिंगला फुल एचडी पुरतं. ४के हवंच असेल तर सोनी पीएक्सडब्ल्यू-झेड९० त्याच जातीचा आहे. त्याची लेन्स फुल-फ्रेमच्या हिशेबात २९ ते ३४८ मि.मी. पडते. वरचं गणित केलंत तर २० मीटरवरून कमरेवरचा नट त्यात बरोबर बसतो. पॅनासॉनिक एचसी-एक्स२००० चा झूम २४ पट, म्हणजे २५ ते ६०० मि.मी. पण त्याचा सेन्सर १/२.५ इंची, बराच लहान. प्रकाशयोजना अंधारी असलेल्या नाटकात त्याचं चित्र लवकर दाणेदार होतं. लांब झूम आणि मोठा सेन्सर दोन्ही कमी पैशांत एकत्र मिळत नाहीत, त्यातलं काय सोडायचं ते तुमच्या यादीवरून ठरवा.

नाटकात सगळ्यात जास्त बिघडतं ते ऑटो एक्स्पोजरमुळे, म्हणजे उजेड कॅमेऱ्यानेच ठरवल्यामुळे. मागे काळा पडदा, पुढे एका माणसावर स्पॉट. कॅमेऱ्याला वाटतं दृश्य अंधारं आहे, तो उजेड वाढवतो आणि नटाचा चेहरा पांढराफटक होतो. जळलेला चेहरा नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा, झेब्रा (उजळ भागावर तिरप्या रेघा दाखवणारी सोय) ७० टक्क्यांवर लावा आणि चेहऱ्याच्या सगळ्यात उजळ भागावर झेब्राच्या रेघा जेमतेम दिसतील एवढाच उजेड घ्या. व्हाइट बॅलन्सही (दिव्याच्या रंगाशी जुळवून घेणारी सेटिंग) लॉक करा. हॅलोजन असेल तर ३२०० केल्विन, पांढरे एलईडी असतील तर ५६०० च्या आसपास. ऑटोवर ठेवलंत तर लाल दिवा लागला की कॅमेरा तो "दुरुस्त" करायला जातो आणि दिग्दर्शकाने मुद्दाम केलेली प्रकाशयोजना वाया जाते.

व्यावसायिक नाटकाचं रेकॉर्डिंग निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नका. हौशी मंडळाच्या एकांकिकेलाही लेखकाची परवानगी आहे ना, हे आधी विचारा. आयोजकांना आधी विचारलंत तर बसायची जागाही नीट मिळते.

पन्नास हर्ट्‌झ: ही सेटिंग आधी करा

कॅमेरा कुठलाही घ्या, मेनूत पहिल्यांदा पीएएल (२५-५० फ्रेम्सची पद्धत) निवडा आणि २५ किंवा ५० फ्रेम्सवर शूट करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, त्यामुळे तिच्यावर चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा ३० किंवा ६० फ्रेम्सवर आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) १/६० सेकंदावर असेल तर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात किंवा सगळं दृश्य धडधडतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की बहुतेक वेळा हे थांबतं. काही कॅमेऱ्यांत पीएएल-एनटीएससी (३०-६० फ्रेम्सची पद्धत) बदललं की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा हे घरीच करून निघा.

स्वस्त एलईडी आणि एलईडी वॉलचा प्रकार वेगळा. त्यांचा लुकलुकण्याचा वेग विजेच्या वेगाशी जुळतोच असं नाही, म्हणून १/५० वरही पट्टे राहतात. यासाठी शटर बारीक-बारीक बदलता यायला हवं. कुठे त्याला व्हेरिएबल शटर म्हणतात, कुठे क्लिअर स्कॅन. रिसेप्शन आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (दिव्यांच्या देखाव्यांची मिरवणूक) ज्यांच्या यादीत आहेत, त्यांनी ही सोय नसलेला कॅमेरा घेऊच नये. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या नावाच्या झांक्या अजून निघतात आणि रात्रभर रस्ता दिव्यांनी झगमगतो. पट्टे आलेलं फुटेज घेऊन बसलात तर ती रात्र पुन्हा वर्षाने येणार.

लग्न: मिररलेस, पण विचार करून

लग्नात अंतर कमी, २ ते ५ मीटर. उजेड मात्र सतत बदलतो. सकाळी उन्हातली हळद, दुपारी मांडवाच्या कापडातून झिरपणारा पिवळसर उजेड, रात्री वरातीचे दिवे. इथे मोठ्या सेन्सरचा फायदा स्पष्ट दिसतो. सोनी झेडव्ही-ई१० नवशिक्यांमध्ये चालतो आणि चित्र चांगलं देतो, पण त्यात कार्डाचा स्लॉट एकच, बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) हलणारं चित्र स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशन नाही, थंड ठेवायला पंखा नाही आणि रंग ८-बिटचे, म्हणजे १०-बिटपेक्षा कमी छटांचे. शिकायला, घरच्या कार्यक्रमांना तो ठीक. दुसऱ्याच्या लग्नाचे पैसे घेणार असाल तर दोन स्लॉटचा कॅमेरा घ्या आणि दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. कार्ड कधीही दगा देतं आणि अंतरपाट दुसऱ्यांदा दूर होत नाही. सोनी एफएक्स३० आणि पॅनासॉनिक ल्युमिक्स एस५ मार्क २ या दोन्हींत दोन स्लॉट, पंखा आणि १०-बिट रेकॉर्डिंग आहे.

१०-बिटचा उपयोग हळद आणि कुंकवात कळतो. गडद पिवळा, गडद लाल हे रंग नंतर बदलायला गेलात तर ८-बिटमध्ये सपाट होतात, पदराच्या चुण्या एकाच रंगाच्या डागासारख्या दिसतात. रंग नंतर फारसे बदलणार नसाल तर ८-बिट चालेल, पण मग लॉग प्रोफाइल (नंतर रंग भरण्यासाठी मुद्दाम फिकं चित्र घेणारी सेटिंग) वापरू नका. लॉगमध्ये आधीच फिके असलेले रंग ताणले की आकाशात पायऱ्या पडतात.

मंगलाष्टकांच्या वेळी एक ठरावीक घोटाळा होतो. "सावधान" झालं की अक्षता उडतात, लेन्ससमोरून जाणारा प्रत्येक दाणा ऑटोफोकसला खुणावतो आणि वधू-वर धूसर होतात. फोकसची संवेदनशीलता आधीच कमी करून ठेवा, चेहरा ओळखणारा फोकस चालू ठेवा आणि अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) एफ/४ च्या आसपास न्या. आकडा मोठा तेवढं भोक लहान आणि स्पष्ट दिसणारा पट्टा जास्त खोल. फुल-फ्रेमवर ५० मि.मी.ची लेन्स एफ/१.८ वर ठेवून २ मीटरवरून शूट केलंत तर जेमतेम १७ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट दिसतो. वर हार घालायला पुढे वाकला की त्या पट्ट्यातून बाहेर.

लेन्स घेताना अॅपर्चरचा आकडा नीट वाचा. किट लेन्सवर एफ/३.५-५.६ लिहिलेलं असतं. म्हणजे झूम केल्यावर सुरुवातीच्या जेमतेम ४० टक्के उजेड आत येतो. बॉडी एक पायरी खालची घेऊन एफ/२.८ ची झूम लेन्स घेतली तर रात्रीच्या वरातीत फरक उठून दिसतो. बॉडी तीन-चार वर्षांत जुनी होते, लेन्स टिकते.

उन्हाळ्यातल्या लग्नांत तापण्याचा बंदोबस्त हवाच. मेनूत "ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर" असेल तर "हाय" करा, स्क्रीन बॉडीपासून उघडून ठेवा म्हणजे मागची उष्णता निघून जाते, गरज नसेल तिथे ४के ५० ऐवजी २५ फ्रेम्सवर या आणि शूटिंग थांबलं की कॅमेऱ्यावर पांढरा रुमाल टाका.

ड्रोनचं कुणी सुचवलं तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलचा नकाशा उघडा. आपला विमानतळ शहराला लागून आहे आणि मांडव कुठल्या रंगाच्या पट्ट्यात येतो यावर सगळं अवलंबून आहे.

गेर: महागाचा कॅमेरा घरी ठेवा

राजवाड्याभोवती गेर निघते तेव्हा टँकरमधून रंगीत पाणी आणि वर उंच गुलाल, दोन्ही एकदम अंगावर येतात. इथे ॲक्शन कॅमेरा घ्या. गोप्रोचा अलीकडचा हीरो ब्लॅक कव्हरशिवाय १० मीटर खोल पाण्यात चालतो, त्यामुळे पाण्याची चिंता नाही. डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ चं चित्र याहून छान असलं तरी तो जलरोधक नाही आणि त्याच्या गिंबलच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या मोटरच्या दांड्याच्या) सांध्यांत गुलाल शिरला की मोटर अडकते. पंख्याचे कॅमेरे तर इथे मुळीच नकोत. पंखा बाहेरची हवा ओढतो आणि तिच्याबरोबर गुलालही आत नेतो.

टचस्क्रीन आधी लॉक करा, ओल्या बोटांनी आणि थेंबांनी मोड आपोआप बदलतात. लेन्सवर कोरडा गुलाल पडला तर पुसू नका. पुसलं की बारीक कण काचेवर घासले जातात आणि ओल्या हाताने पुसलं तर चिखल होतो. आधी ब्लोअरने उडवा, मग भरपूर स्वच्छ पाणी ओता, मग मऊ कापड. घरी आल्यावर पाणी अडवणारी झाकणं उघडण्याआधी बाहेरून धुऊन पूर्ण वाळवा. झाकणाच्या रबरात अडकलेला एक कण पुढच्या वेळी पाणी आत सोडतो.

सराफा, छप्पन दुकान, रील्स

सराफ्यात रात्री तव्याखालची ज्वाळा आणि वरचा उघडा बल्ब सोडला तर बाकी अंधार असतो. गर्दीमुळे दोन हात मागे सरकायलाही जागा नसते. रुंद कोनाची लेन्स आणि लहान शरीर, एवढंच इथे लागतं. ऑस्मो पॉकेट ३ इथे उत्तम, एक इंची सेन्सर आणि गिंबल दोन्ही खिशात मावतात. एक्स्पोजर ज्वाळेवर नको, पदार्थावर लॉक करा. भुट्ट्याच्या कीसाची वाफ लेन्सवर बसते, तेव्हा कढईच्या सरळ वर न धरता बाजूने, थोडं खालून घ्या. छप्पन दुकान या खाऊगल्लीत उजेड सारखा आहे, तिथे चांगला फोनही पुरतो. नवशिक्यांनी पहिले दोन-तीन महिने फोन आणि एक क्लिप माइक एवढ्यावरच काम करावं. काय कमी पडतंय ते नेमकं कळतं आणि खरेदी चुकत नाही.

सिरपूरचे पक्षी

सिरपूर तलावावर फक्त पोच (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लागते. निकॉन कूलपिक्स पी९५० ची लेन्स २००० मि.मी.पर्यंत जाते, म्हणजे ५० मीटरवरच्या बगळ्याभोवती ९० सेंटिमीटर रुंदीची चौकट. ट्रायपॉडशिवाय एवढा झूम वापरता येत नाही. सकाळी ऊन चढण्याआधीच जा. पाण्यावरची हवा तापली की चित्र थरथरतं आणि त्यावर कुठल्याही कॅमेऱ्यात इलाज नाही.

आवाजासाठी पैसे बाजूला काढा

हातात एक लाख असतील तर कॅमेरा आणि लेन्स मिळून साठ हजारांत बसवा. उरलेले माइक, ट्रायपॉड, कार्ड आणि बॅटरीला. थोडं दाणेदार चित्र लोक बघतात, फाटलेला आवाज दोन मिनिटंही ऐकत नाहीत.

मुलाखतीला क्लिप माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. साडीच्या पदराला लावलात तर प्रत्येक हालचालीला खरखर येते, ब्लाउजच्या काठाला लावा. पातळी अशी ठेवा की मोठ्याने बोलतानाही मीटर −१२ ते −६ डेसिबलच्या मध्ये थांबेल. सभागृहात साउंडवाल्याकडून मिक्सरची तार मिळाली तर ती "लाइन" पातळीची, म्हणजे माइकपेक्षा बरीच जोरदार, असते. मिररलेसच्या लहान माइक-जॅकला ती सरळ जोडली तर आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. कॅमकॉर्डरच्या एक्सएलआर इनपुटवर "लाइन / माइक / माइक +४८" असा खटका असतो, तो "लाइन"वर करा. खटका नसेल तर मधे पॅड (आवाजाची पातळी कमी करणारा जोड) लावा, नाहीतर वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घ्या. वेगळा घेतलात तर सुरुवातीला एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं. दोन यंत्रांची घड्याळं किंचित वेगळी धावतात, त्यामुळे तासाभरानंतर ओठ आणि आवाज थोडे सुटतात. मध्यंतरानंतर पुन्हा एक टाळी घ्या.

कार्ड, बॅटरी, ट्रायपॉड

४के १०० एमबीपीएसवर एका तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीच्या कार्डात पावणेतीन तासांपेक्षा थोडं जास्त. अडीच तासांच्या नाटकाला ते पुरतं, दिवसभराच्या लग्नाला नाही. त्या वेगाला व्ही३० लिहिलेलं कार्ड चालतं, कारण १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. एका मोठ्या कार्डाऐवजी दोन मध्यम घ्या. कार्ड संगणकावर नव्हे, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

ट्रायपॉडचं डोकं फ्लूइड (आतल्या दाट द्रवामुळे सावकाश, सारखं वळणारं) असावं. फोटोच्या ट्रायपॉडवर डावीकडून उजवीकडे वळवताना चित्र झटके देतं आणि ३५० मि.मी.वर तो झटका प्रचंड दिसतो.

जुना कॅमेरा घेताना

सेकंडहँड कॅमकॉर्डरच्या मेनूत अवर्स मीटर (किती तास चालला ते दाखवणारा आकडा) असेल तर तो उघडून बघा. लेन्सचं झाकण लावून गेन (कृत्रिमपणे वाढवलेला उजेड) पूर्ण वाढवा आणि स्क्रीनवर एकाच जागी चमकणारे ठिपके आहेत का पाहा. झूम रॉकर अगदी हळू दाबून शेवटापर्यंत न्या, मधे अडखळला तर सोडून द्या. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती बऱ्याचदा असते. माइक-जॅक आणि एचडीएमआय पोर्टमध्ये तार घालून हलवा, आवाज तुटतो का ऐका. मिररलेस असेल तर ४के लावून अर्धा तास रेकॉर्डिंग चालू ठेवा, विकणारा थांबायला तयार नसेल तर व्यवहार नको.

नवा असो वा जुना, विकत घेण्याआधी तोच मॉडेल एका दिवसाच्या भाड्याने आणा आणि रेघ मारलेल्या कामाच्या जागी, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून चालवून बघा. फुटेज कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाही, घरच्या टीव्हीवर पाहा. मग नवा घेताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटी भारतातली आहे का विचारा आणि बिलावरचा सिरियल नंबर बॉडीच्या खालच्या नंबराशी काउंटरवरच जुळवून घ्या.